चार बोटांची पायरी

कुणाच्या घरी ओट्याचं माप घ्यायला गेलो की मी टेप खिशातच ठेवतो आणि घरच्या बाईला आधी विचारतो, "भाकरी कुठं थापता?" घरमालक माझ्याकडं बघतो, मग बायकोकडं बघतो. हा माणूस ग्रॅनाइट बसवायला आलाय की जेवायला, हे त्याला कळत नाही. मी खुलासा करत बसत नाही. प्रश्न माझा नाहीच. तो सास्तूरच्या सुभद्रामावशींचा आहे. त्या आता नाहीत, म्हणून तो विचारायचं काम माझ्याकडं आलंय.

उमरग्यात हायवेलगत माझं दुकान आहे. ग्रॅनाइट, कडप्पा, टाइल्स, सगळं ठेवतो. मावशींची गाठ पडली तेव्हा मी स्वतःला ओट्यांचा मोठा जाणकार समजत होतो. मोबाइल भरून स्वयंपाकघरांचे फोटो होते. गिऱ्हाईक बोलायला लागलं की मी त्याच्या तोंडासमोर फोटो धरायचो आणि ते गप्प व्हायचं. फोटोतल्या ओट्यांवर एक हिरवं सफरचंद आणि एक फुलदाणी एवढंच सामान असायचं. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नव्हतं.

तर एक दिवस सास्तूरचे भगवानराव दुकानात आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, चार माणसांत बसणारा माणूस. त्यांचा थोरला भाऊ वारला होता, मुलगा पुण्यात नोकरीला, आणि वहिनी शेजारच्या घरात एकट्या राहत होत्या. घर दोघा भावांच्या नावावर. "वहिनीच्या घरात ओटा करायचाय," भगवानराव म्हणाले. "खाली कपाटं, वर चकाचक दगड. एकदम फस्ट क्लास. बघणाऱ्यानं बघत ऱ्हायलं पाहिजे." मी फोटो दाखवला, त्यांनी मान हलवली, सौदा ठरला. ओट्यापुढं उभं कोण राहणार, हे मीही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

भूकंपानंतर मिळालेल्या घरांतलं ते स्वयंपाकघर, आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद. दार अरुंद, त्यात आत शिरताना लगेच वळण. आठ फुटी अख्खा दगड काही केल्या आत वळला नसता. म्हणजे दोन तुकडे आले, आणि दोन तुकडे आले की मधे सांधा आला. सांधा कुठं घ्यायचा हे मी दुकानातच ठरवून टाकलं होतं. सिंकच्या बरोब्बर मधोमध. सिंकसाठी दगडाला भोक पाडावंच लागतं, त्यामुळं जोडायला पुढं चार बोटं आणि मागं चार बोटं एवढाच दगड उरतो. काम कमी आणि सांधा नजरेला येत नाही.

दगड गाडीत भरून आणि दोन कारागीर बरोबर घेऊन मी सास्तूरला गेलो. आत शिरलो तर तिथं ओटा आधीच तयार होता. जुना ओटा फोडून काढलेला, त्या जागी विटांच्या थरावर जुन्या दाराची फळी टाकलेली, एका बाजूला गॅसची शेगडी, दुसऱ्या बाजूला पाण्यानं भरलेलं घमेलं, आणि मधे परातीत भाकरी थापणाऱ्या एक बुटक्या बाई. वय पंचावन्नच्या पुढं. उजवा दंड डाव्यापेक्षा चांगलाच जाड. तीन दिवस त्या या खोट्या ओट्यावर स्वयंपाक करून बघत होत्या. मी भिंतीला टेप लावला.

"काय मोजायलाव?"

"ओटा, मावशी."

"ओटा कशाला मोजताव? आदी मला मोजा."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पदराच्या गाठीतून त्यांनी खडूचा तुकडा काढला. तो खडू त्यांच्या पदराला कायम असायचा, बाकीच्या बायका तिथं सुटे पैसे बांधतात. भिंतीवर त्यांनी आधीच तीन शब्द लिहून ठेवले होते. खिडकीखाली 'पाणी', मधे 'दणका' आणि उजवीकडं 'जाळ'. शाळा तिसरीपर्यंतच झालेली, पण अक्षर मोठं आणि ठाम होतं.

"तुमचा सांधा ह्यात कुठं येतो ते दाखवा," त्या म्हणाल्या.

मी 'पाणी'वर बोट ठेवलं. त्यांनी हातातली भाकरी तव्यात टाकली, हात झटकले आणि म्हणाल्या, "न्हाय."

एवढंच. पुढं सहा वर्षं मी त्यांना ओळखत होतो, आणि त्यांच्याइतकं पोटभर 'न्हाय' म्हणणारं माणूस मी पाहिलं नाही. आपल्याकडं नाही म्हणताना माणूस घसा खाकरतो, "बघू" म्हणतो, देवावर ढकलतो. त्या नाही म्हणायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या.

त्या 'न्हाय'मागचं कारण मला त्याच दिवशी कळलं. मावशी रोज सत्तर-ऐंशी ज्वारीच्या भाकऱ्या थापायच्या. हायवेवरच्या दोन ढाब्यांना त्यांच्या भाकऱ्या जायच्या, सकाळी एक माणूस मोटारसायकलवर येऊन घेऊन जायचा. पिठाचे डबे ओट्याखाली. जुन्या कडप्प्याच्या ओट्याला कुणा मिस्त्रीनं सिंकजवळ सांधा दिला होता. तो हळूहळू सुटला, पाणी डब्यापर्यंत पोचलं, पिठाला बुरशी धरली, आणि न कळत त्याच पिठाच्या भाकऱ्या ढाब्यावर गेल्या. ढाब्यानं सगळी चवड परत पाठवली. गावातून, सगळ्यांच्या देखत. नंतर तीन महिने त्यांच्याकडून कुणी भाकरी घेतली नाही.

"पीठ नासलं म्हंजी लोक म्हणत्यात सुभद्राचा हात नासला," त्या म्हणाल्या. "सांधा नासलाय असं कोण म्हणतंय?"

भगवानरावांना नेमकी ती भाकरीच नको होती. आमच्या घरची बाई ढाब्याला भाकऱ्या पुरवते, हे त्यांना चार माणसांत टोचायचं. खाली कपाटं झाली की डब्यांना जागा उरणार नव्हती, आणि डबे गेले की भाकऱ्या आपोआप बंद. वहिनीला चांगला ओटा करून दिला हे गावात सांगता येणार, ते वेगळंच. हे सगळं मला बऱ्याच उशिरा उमगलं. त्या वेळी माझा अपमान झालाय एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"आता केमिकल येतं मावशी," मी जरा आवाज चढवून म्हणालो. "एकदा भरलं की दगड तुटेल, पण सांधा सुटणार नाही."

मावशींनी गॅस बंद केला, पायात चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चला."

तिसऱ्या गल्लीत एका गुरुजींचं घर होतं. तिथला ओटा आदल्या वर्षी मीच बसवला होता, सिंकच्या मधोमध सांधा देऊन. फोटो काढून दुकानात लावलाही होता. मावशी थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि गुरुजींच्या बायकोला म्हणाल्या, "सिंकाखालचं दार उघड गं जरा." ती बाई घुटमळली. दार उघडलं तर आत एक पातेलं ठेवलेलं, आणि त्यात टप, टप, टप. वर्षभर ती माउली रोज दोनदा ते पातेलं रिकामं करत होती. मला का सांगितलं नाही, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुमी एवढं मन लावून केलेलं. कशाला वाईट वाटू द्यायचं, म्हणलं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मावशींना दया वगैरे आली नाही.

"तुमच्या फोटूतल्या बाया भाकरी थापत न्हाईत," त्या म्हणाल्या. "ही थापती. रोज वीस. दणका बसला की केमिकल हलतं. हलल्यावर पाण्याला तेवढी वाट पुरं."

ओटे बसवताना मी आयुष्यात भाकरीचा विचार केला नव्हता. रोज दोन वेळा खात होतो तरी नाही. आमच्या भागातल्या कुठल्याही मिस्त्रीनं केला नसेल. आम्ही सगळे सफरचंदासाठी ओटे बसवत होतो.

परत येऊन मी पडेल आवाजात विचारलं, मग सांधा घ्यायचा कुठं? 'दणका' आहे तिथं घ्यावा तर तो हलणार. 'जाळ' आहे तिथं घ्यावा तर तापून सुटणार. आठ फुटांत चौथी जागाच नव्हती. मावशी म्हणाल्या, "पत्र्याला पत्रा कसा जोडताव?"

"वरचा खालच्यावर चढवून."

"मग सिंकाचा दगड चार बोटं खाली घ्या. भाकरीचा दगड त्याच्यावर थोडा चढू द्या. पाणी खालीच ऱ्हातंय. चढून वर यायचं म्हणलं तर त्याला शिडी लागंल."

माझे दोन्ही कारागीर हसले. मीही हसलो, सवयीनं. ओटा सपाट असतो, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. लेव्हल पाइप लावून आम्ही तेच तर करत असतो. शिवाय मावशींनी बोटं टेकवून दाखवलं की सिंक खाली गेला तर त्यांच्या उंचीला परात घासायलाही बरं पडतं. आजवर टाचा वर करून भांडी घासली होती.

तेवढ्यात भगवानराव आले. ऐकून म्हणाले, "ओट्याला पायरी? लोक हसतील वहिनी. गावात कुणाच्या ओट्याला पायरी हाय का?"

"भाऊजी, आपल्या जुन्या घराचं दगड कसं हुतं?"

त्या गावात जुन्या घरांबद्दल सहसा कुणी विचारत नाही.

"दगड चांगलंच हुतं," मावशीच म्हणाल्या. "एकेक हत्तीएवढा. सांधं कच्चं हुतं. सपाट अन् सरळ भिंत, लोक बघत ऱ्हायचे. माझी सासू त्याच भिंतीखाली गेली, तुमची आई. तवापासून म्या दगड बघत न्हाय. सांधा बघती."

भगवानराव बाहेर गेले आणि मला अंगणात बोलावून म्हणाले, "मी सांगतो तसं करा. घर माझ्याबी नावावर हाय." सांगायला लाज वाटते, पण मी मान हलवली. बोलावणारा तोच, म्हणजे गिऱ्हाईक तोच, असा माझा हिशेब. आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला आणि त्यातूनच मावशींचं बोलणं आलं. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "घर तुमच्या नावावर आसंल. ओट्याम्होरं उभी म्या ऱ्हाती."

मी दगड अंगणातच उतरवून ठेवला आणि उमरग्याला परतलो. आठ दिवस दगड तसाच पडून, आणि मावशी फळीवर. नवव्या दिवशी भगवानरावांचा फोन. आवाज पार उतरलेला. "करा बाबा ती म्हणती तसं. कपाटंबी नकोत म्हणती." हे कसं घडलं ते मला ढाब्याच्या माणसाकडून कळलं. भगवानरावांना घरात बायको-सुना असूनही भाकरी लागायची ती वहिनीच्याच हातची. रोज दोन वेळा झाकलेल्या ताटलीत चार भाकऱ्या त्या घरी जायच्या. मावशींनी तेवढ्या बंद केल्या. ढाब्याला जात राहिल्या, दिराला नाही. मला हे कळलं तेव्हा दुकानात एकटाच हसत बसलो होतो.

ओटा झाला. त्यात माझी भर एवढीच, की वरच्या दगडाच्या पुढं आलेल्या कडेला खालून मी एक बारीक खाच मारली. पाणी उडून कडेला लागलं तरी दगडाच्या पोटाखालून आत सरकू नये, खाचेपाशीच गळून पडावं. मावशींनी खाली वाकून खाच बोटानं चाचपली. तांब्याभर पाणी कडेवर ओतून पाहिलं. थेंब खाचेपाशी थांबले आणि सिंकच्या दगडावर पडले. "ही हिकमत तुमची," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या धंद्यात मला मिळालेली ती एकमेव शाबासकी आहे. बाकी लोक फक्त "बसवला का?" म्हणतात.

हळूहळू आसपासच्या गावांत ओटा निघाला की आधी मावशींना बोलावणं जाऊ लागलं. त्या यायच्या, खडू काढायच्या, पण घरच्या बाईनं त्यांच्यासमोर एक भाकरी थापल्याशिवाय भिंतीला हात लावायच्या नाहीत. उभं कसं राहते, कोपर किती उचलते, पाण्यासाठी कुठल्या हाताला वळते, हे सगळं बघायच्या. माप फुटात कधीच नाही. वीत, बोटं, फार तर "तुज्या कमरेच्या वर तीन बोटं". लोहाऱ्यात एका साहेबांच्या बायकोनं सरळ सांगितलं, आम्ही भाकरी बाहेरून आणतो. मावशींनी खडू परत गाठीत बांधला. "मग सांधा कुठंबी घ्या," म्हणाल्या, आणि चहा पिऊन निघाल्या. अन्नाला कुणी नावं ठेवली तर ऐकून घ्यायच्या, पण कामाला वळसा घालणारं माणूस त्यांना सोसायचं नाही.

मुलानं एकदा त्यांना पुण्याला नेलं, कायमचं म्हणून. आठव्या दिवशी त्या सास्तूरला परत. मी काय झालं म्हणून विचारलं. तिसऱ्या मजल्यावरचं घर, सकाळी भाकरी थापली की खालच्या मजल्यावरची बाई वर यायची, काय कुटता म्हणून विचारायला. मुलानं समजूतदारपणे परातीखाली घालायला रबराची चटई आणली.

"भाकरीखाली गादी घालायची," मावशी म्हणाल्या. "भाकरी हाय का बाळंतीण?"

मुलाबद्दल त्या वाईट बोलल्या नाहीत. "त्याचं घर चांगलंय, खालची शेजारीणबी चांगली. पण जिथं दणक्याला परवानगी काढावी लागती, तिथं म्या ऱ्हायची न्हाय." मला मनातून फार बरं वाटलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जड मनानं सास्तूरला गेलो होतो तेव्हा. त्यानंतर चार महिन्यांनी त्या झोपेतच गेल्या. मी दगड आणायला परगावी होतो, त्यांच्या मातीला जायचं चुकलं. ती हळहळ आहेच. पण त्या दिवशीचं जे पाहिलं, ते माझ्यापाशी आहे.

बोअरजवळच्या चिखलात पाय घसरून मावशींचं उजवं मनगट मोडलं होतं. उमरग्याच्या डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लॅस्टर घातलं. दोनच दिवसांत भगवानरावांचा फोन आला. "कटर घेऊन या. वहिनीचं आता थापणं संपलं. ती पायरी काढून सपाट करा, खाली कपाटं करून टाका." मला नाही म्हणता आलं नाही. तो शब्द माझ्या तोंडात बसत नव्हता. कटर आणि दोन्ही कारागीर घेऊन निघालो. वाटेत गाडी बंद पडली तर बरं, असं दहा वेळा वाटलं. ती पडली नाही.

गल्लीच्या तोंडाशीच मला आवाज आला. नेहमीपेक्षा सावकाश, थोडा अडखळत, पण आवाज तोच. आत मावशी डाव्या हातानं भाकरी थापत होत्या. प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवलेला. भाकऱ्या जरा वाकड्या, एका बाजूला जाड. दारात ढाब्याचा माणूस मोटारसायकलवर एक पाय टेकून थांबलेला. मदतीला येणाऱ्या शेजारणी खुरपायला गेल्या होत्या. भगवानराव भिंतीला टेकून उभे.

"मिस्त्री, दगड काढायला आलाव म्हनं," मावशी वर न बघता म्हणाल्या.

"भगवानराव म्हणाले म्हणून आलो."

"काढा. पण आदी खाली घुसून हात फिरवा. बोटाला ओल लागली तर काढून टाका. म्या आडवी येणार न्हाय."

मी डबे बाजूला ओढले आणि मोबाइलचा उजेड धरून ओट्याखाली शिरलो. वरून सिंकचं पाणी सहा वर्षं रोज वाहत होतं. पायरीखालच्या विटेवर, दगडाच्या पोटाला, कोपऱ्यात, सगळीकडं हात फिरवला. उडालेल्या पिठाची धूळ तेवढी बसली होती. माझी खाचही जशीच्या तशी होती. मी बाहेर आलो आणि पांढरा, कोरडा तळवा भगवानरावांपुढं धरला.

"कोरडं आहे," मी म्हणालो. "मी हा दगड काढणार नाही."

आपण हे मोठ्यानं बोललो हे माझं मलाच खरं वाटेना. भगवानरावांनी माझ्या तळव्याकडं बघितलं, मग कारागिरांकडं. ते दोघं जमिनीकडं बघत होते. बाहेर मोटारसायकलवाल्यानं हॉर्न दिला.

मावशींनी मळलेल्या पिठाचा शेवटचा गोळा उचलला होता. परातीला खरकटं वाळून चिकटलं होतं, आणि ती धुतल्याशिवाय पुढचं पीठ मळता येत नव्हतं. एका हातानं परात धरणं आणि घासणं दोन्ही जमणार नव्हतं. त्यांनी परात पायरीवरून खाली सिंकमध्ये सारली.

"भाऊजी, मिस्त्रीचं हात धुळीचं हायत. मोकळं हात तुमचंच."

भगवानराव हलले नाहीत. मग त्यांनी तव्याकडं बघितलं, बाजूच्या झाकलेल्या ताटलीकडं बघितलं, जिच्यात त्यांच्या चार भाकऱ्या होत्या. इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या त्यांनी दोन घड्या घालून वर केल्या आणि सिंकपुढं उभे राहिले. उंच माणूस, सिंक चार बोटं खाली. त्यांना कमरेत पार वाकावं लागलं.

"लई खाली केलाय वहिनी तुमी ह्यो," ते कण्हत म्हणाले.

"माझ्या मापाचा हाय," मावशी म्हणाल्या. "घासा."